साबुदाण्यासारख्या गोळ्या आणि साडेपाच वर्षं: नागपुरातून होमिओपॅथ कसं व्हायचं

नीटचा निकाल लागला की मानेवाड्यातल्या माझ्या दवाखान्यात काहीही दुखत नसलेली माणसं येऊन बसतात. आई, बाबा आणि मधे मान खाली घातलेली पोरगी किंवा पोरगा. प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, एमबीबीएसचा तर नंबर लागत नाही. बीएएमएस घ्यावं की बीएचएमएस? होमिओपॅथीले किती मार्क लागतात?" (बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी, बीएचएमएस होमिओपॅथीची.) मी त्यांना शेवटच्या पेशंटनंतर थांबायला सांगते, कारण याचं उत्तर पाच मिनिटांत होत नाही. तेच उत्तर इथे सविस्तर लिहिते आहे. नीटच्या अर्जापासून दवाखान्याच्या पाटीपर्यंत, आणि त्यातही कॉलेजच्या माहितीपुस्तकात छापत नाहीत ते जास्त.

अर्ज भरायच्या आधी

पहिलं काम घरी बसून करायचं आहे. तुम्ही जे शिकणार आहात त्याबद्दल जग काय म्हणतं, ते प्रवेशाआधी नीट वाचा. होमिओपॅथीची "३० शक्ती" म्हणजे एका भागाला नव्व्याण्णव भाग द्रावण, असं तीस वेळा. म्हणजे मूळ पदार्थ एकावर साठ शून्यं इतका पातळ झालेला. बारावीच्या रसायनशास्त्रातला अ‍ॅव्होगाड्रो आकडा आठवा: साधारण १२ शक्तीच्या पुढे मूळ पदार्थाचा एकही रेणू बाटलीत उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला आणि होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारासाठी नाही, असा निष्कर्ष काढला. मुख्य प्रवाहातल्या विज्ञानाची भूमिका आजही तीच आहे. दुसरीकडे आपल्या देशात ही कायद्याने मान्य पद्धत आहे, तिला स्वतंत्र राष्ट्रीय आयोग आहे, विद्यापीठाची पदवी आहे, आणि नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या हीच गोळी घेणारी घरं आहेत.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये उभं राहून तुम्हाला चाळीस वर्षं प्रॅक्टिस करायची आहे. एखाद्या आजोबांचा इंजिनिअर मुलगा पुण्याहून येईल आणि समोर बसून विचारेल, "याच्यात औषध आहे तरी का?" त्या दिवशी चिडायचं नसेल, तर हा प्रश्न आजच स्वतःला विचारून घ्या. "एमबीबीएस नाही तर हे" एवढंच कारण असेल तर दुसऱ्या वर्षापर्यंत ते पुरतं, पुढे पुरत नाही. माझ्या बॅचमधल्या किती जणांचं पुरलं नाही ते मी पाहिलं आहे.

नीट आणि पात्रता

बीएचएमएसला नीट-यूजीशिवाय प्रवेश नाही. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. त्यात ९० प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणजे निम्मा पेपर तिथेच. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण हवीत. नीटमध्ये पात्र ठरायला खुल्या गटाला पन्नासावं पर्सेंटाइल आणि राखीव गटांना चाळिसावं. २०२५ मध्ये ते अनुक्रमे १४४ आणि ११३ गुणांवर आलं होतं. हा आकडा दर वर्षी हलतो, आणि पात्र होणं म्हणजे हव्या त्या कॉलेजात जागा मिळणं नव्हे.

परीक्षा बहुधा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी असते. नागपूरचा मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. केंद्र हिंगणा रोडला आलं असेल तर आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघून या, आणि पोराला तर्री पोहे खाऊ घालून पाठवू नका.

कागदपत्रं, म्हणजे खरी परीक्षा

महाराष्ट्रातली प्रवेशप्रक्रिया राज्य सीईटी कक्ष चालवतो. नागपुरातली मुलं मार्कांपेक्षा कागदांवर जास्त अडकतात, म्हणून इथे जरा थांबते.

डोमिसाइल आणि नॅशनॅलिटीचा दाखला अकरावीतच काढून ठेवा. ओबीसी वगैरे गटांसाठी नॉन-क्रीमीलेयर दाखला चालू वर्षी वैध असावा लागतो; उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. आणि सगळ्यात जास्त रडवते ती कास्ट व्हॅलिडिटी. जातीचा दाखला आहे म्हणून निर्धास्त राहू नका; दाखला वेगळा, त्याची पडताळणी वेगळी. बारावीचं वर्ष सुरू झालं की लगेच पडताळणी समितीकडे अर्ज टाका. आजोबांच्या शाळेचा दाखला, वडिलांच्या बाजूचे जुने महसुली कागद हे सगळं गोळा करायला कळमेश्वर नाहीतर काटोलच्या एखाद्या शाळेत तीन-तीन चकरा होतात. जुलैत सुरुवात केलेल्या एका मुलीची चांगली जागा माझ्या डोळ्यांसमोर गेली. एखादं वर्ष ड्रॉप घेतलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही तयार ठेवा.

सीईटी कक्षाच्या यादीत एमबीबीएस-बीडीएस 'अ' गटात असतात. बीएएमएस, बीएचएमएस आणि बीयूएमएस (युनानी) 'ब' गटात. 'ब' गटाची प्रक्रिया उशिरा चालते, म्हणून ऑगस्ट गेला तरी घाबरून कुठल्यातरी एजंटला पैसे देऊ नका. पसंतीक्रम भरताना खरोखर जायची तयारी आहे तीच कॉलेजं टाका. मिळालेली जागा आवडली आणि पुढच्या फेरीत ती बदलू नये असं वाटत असेल, तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरावा लागतो. तो विसरला की तुम्ही आपोआप पुढच्या फेरीत जाता, आणि मिळालेलं नागपूर जाऊन पार खामगाव पदरी पडू शकतं. देशपातळीवरच्या कोट्याच्या जागा एएसीसीसी ही केंद्रीय समिती भरते; तिची नोंदणी वेगळी करावी लागते.

विदर्भातल्या पालकांच्या डोक्यात अजून जुना ७०:३० चा विभागीय कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच मुलांना, बसलेला असतो. तो २०२० मध्ये रद्द झाला. आता तुमची स्पर्धा थेट पुण्या-नाशिकच्या मुलांशी आहे.

फी खासगी कॉलेजची असली तरी ती शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ठरवून दिलेल्या आकड्याच्या वर "डेव्हलपमेंट"च्या नावाने कोणी रोख मागितली तर पावती मागा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज असतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांसाठी पूर्ण शिक्षणशुल्क माफीची योजना आहे. आपलं कॉलेज आणि अभ्यासक्रम तिच्या यादीत आहे का, ते प्रवेश पक्का करण्याआधीच बघा. हॉस्टेल आणि मेसचा खर्च त्यात धरू नका.

कॉलेज निवडताना

नागपुरात दाभ्याला अंतरभारती आहे. विदर्भात अमरावतीला तखतमल श्रीवल्लभ, अकोल्याला होमिओपॅथिक मेडिकल कॉलेज, खामगावला पंचशील. बहुतेक कॉलेजं खासगी संस्थांची आहेत आणि पदवी सगळ्यांची एकच: नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. त्यामुळे नावावरून भांडण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाची त्या वर्षाची परवानगी आहे ना, एवढं मात्र आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. गेल्या वर्षी होती म्हणून या वर्षी असेलच असं नाही.

मग एक दिवस न सांगता जा. मंगळवार-बुधवार, सकाळी दहा-साडेदहाची वेळ. ओपीडीत जाऊन बसा. पेशंट आहेत का? की बाकावर फक्त कॉलेजचे शिपाई पेशंट म्हणून बसलेत? केस लिहिणारा विद्यार्थी पेशंटशी किती वेळ बोलतो? फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर इंटर्न भेटतील. त्यांना विचारा, "इंटर्नशिपमध्ये तुम्ही स्वतः किती केसेस घेतल्या?" उत्तर देताना ते हसले तर समजून जा. इमारत कितीही चकचकीत असो, पेशंट नसलेल्या कॉलेजात होमिओपॅथी शिकता येत नाही. हे वाक्य मी दर वर्षी सांगते आणि पालक दर वर्षी हॉस्टेलच्या खोल्या बघून निर्णय घेतात.

आणखी एक सावधगिरी. "इलेक्ट्रोहोमिओपॅथी" नावाचं जे चालतं ते वेगळं आहे. त्याचं प्रमाणपत्र म्हणजे बीएचएमएस नव्हे, त्यावर होमिओपॅथ म्हणून नोंदणी होत नाही. घरबसल्या मिळणाऱ्या डिप्लोम्यांचंही तेच. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या पाट्यांवर एल.सी.ई.एच. किंवा डी.एच.एम.एस. दिसतं, ते त्या काळातले अधिकृत अभ्यासक्रम होते. आज व्यवसायात यायचं तर दार एकच, बीएचएमएस.

साडेपाच वर्षांत काय होतं

२०२२ च्या नियमांप्रमाणे पहिलं वर्ष अठरा महिन्यांचं, पुढची तीन प्रत्येकी बारा महिन्यांची आणि शेवटी एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. हजेरी ७५ टक्के, पास व्हायला ५० टक्के.

पहिल्या वर्षात मुलांना धक्का बसतो. त्यांना वाटलेलं असतं की गोड गोळ्यांची नावं पाठ करायची. प्रत्यक्षात समोर येतं शरीररचनाशास्त्र, शवविच्छेदनाचं टेबल आणि फॉर्मॅलिनचा वास. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, जोडीला होमिओपॅथिक फार्मसी. फार्मसीच्या प्रयोगशाळेत खलबत्त्यात दुग्धशर्करा घेऊन औषध घोटायचं: सहा मिनिटं घोटा, चार मिनिटं खरवडा, पुन्हा सहा, पुन्हा चार. साखरेचे तीन भाग, प्रत्येक भागाला वीस मिनिटं, म्हणजे एका पायरीला बरोबर एक तास. मे महिन्यात, बंद पडलेल्या कुलरसमोर.

दुसऱ्या वर्षात विकृतीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि न्यायवैद्यक. पुढे मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग व प्रसूती, शेवटी सामाजिक वैद्यक. नव्या अभ्यासक्रमात आधुनिक औषधशास्त्राची तोंडओळखही आहे. ती "आपली नाही" म्हणून सोडणारे विद्यार्थी मला फार खटकतात. तुमच्याकडे येणारा साठीचा प्रत्येक पेशंट बीपीची, शुगरची, रक्त पातळ करणारी गोळी आधीच घेत असतो. तिचं नाव वाचून तुम्हाला काही कळत नसेल, तर तुम्ही त्याची केस घेतलीच नाही.

या सगळ्याच्या बाजूने तीन विषय शेवटपर्यंत चालतात: मटेरिया मेडिका, म्हणजे औषधांची लक्षणचित्रं; रेपर्टरी, म्हणजे लक्षणांचा कोश; आणि ऑर्गेनन, म्हणजे या पद्धतीचा मूळ ग्रंथ. सॅम्युअल हॅनिमन यांनी १७९० साली सिंकोनाची साल स्वतः घेऊन बघितली, तिथून ही सगळी वाट सुरू झाली. १८१० मध्ये ऑर्गेनन आलं. त्याची सहावी आवृत्ती छापली गेली १९२१ साली, हॅनिमन गेल्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. मूळ जर्मन, त्याचं जुनं इंग्रजी भाषांतर, आणि वाचणारं पोरगं मराठी माध्यमातलं. मेयोच्या सिग्नलला सुरू झालेलं वाक्य अग्रसेन चौक आला तरी संपत नाही. यावर उपाय एकच: रोज दोनच परिच्छेद वाचायचे, आणि त्याचा अर्थ वहीत आपल्या बोलीत, वऱ्हाडीत असली तरी चालेल, लिहून काढायचा. माझ्याकडे अशी एक वही अजून आहे. परीक्षेला तिचा उपयोग झाला नाही, प्रॅक्टिसला झाला.

केस घेणं: इथे वेळ घाला

ऑर्गेननमध्ये ८३ ते १०४ हे परिच्छेद केस कशी घ्यायची यावर आहेत. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमातला सर्वांत टिकाऊ भाग हाच. औषधावर तुमचा विश्वास असो-नसो, माणसाचं ऐकून घ्यायला शिकवणारं दुसरं काही डॉक्टरकीच्या शिक्षणात फारसं नाही. थोडक्यात पद्धत अशी: पेशंटला मधे तोडायचं नाही, तो म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न विचारायचा नाही, आणि एक विषय संपला की ओळ सोडून पुढे जायचं, म्हणजे नंतर आठवलेलं तिथे भरता येतं.

"त्याच्याच शब्दांत" हे सोपं वाटतं, पण रेपर्टरी इंग्रजीत आणि पेशंट उमरेडचा. "पोटात गोया येते", "हातपाय गयून जाते", "जीव घाबरते", "डोक्शात ठणके मारते", "तळपाय आगते". जीव घाबरणं म्हणजे भीती, धडधड, मळमळ, की रक्तातली साखर उतरणं? नवा विद्यार्थी लगेच "भीती" लिहून रेपर्टरी उघडतो. थांबा. विचारा, "घाबरते म्हणजे काय होते काकू, मले दाखवा बरं." काकू हात छातीवर ठेवतात की पोटावर, त्यावर पुढची सगळी दिशा ठरते. आणि छातीवर ठेवून डाव्या हाताकडे नेला, तर रेपर्टरी बंद करून ईसीजीला पाठवा.

दुसरी चूक ऋतूची. पुस्तकात सल्फर या औषधाच्या लक्षणचित्रात तळपायांची आग आणि पाय पांघरुणाबाहेर काढणं आहे. एका इंटर्नने मे महिन्यात माझ्याकडच्या अकरा पेशंटांपैकी सात जणांना सल्फर सुचवलं. अरे बाबा, पंचेचाळीस डिग्रीत अख्खं नागपूर पाय बाहेर काढून कुलरसमोर झोपतं! डिसेंबरच्या थंडीत, घरात सगळे गोधडीत गुरफटलेले असताना जो पाय बाहेर काढतो, त्याचं लक्षण लिहा. १५३ व्या परिच्छेदात हॅनिमन जे विलक्षण, वेगळं, त्या माणसाचंच असलेलं लक्षण शोधायला सांगतात, ते असं गावाच्या हवेशी ताडून बघावं लागतं. तहानेचंही तेच, उन्हाळ्यातल्या चिडचिडीचंही तेच.

तिसऱ्या वर्षापासून एखाद्या मुरलेल्या डॉक्टरकडे संध्याकाळी बसायला लागा. पैसे मागू नका, खुर्चीही मागू नका. सुरुवातीचे सहा महिने मी माझ्या सरांच्या मागे स्टुलावर बसून फक्त पुड्या बांधल्या. पेशंट आत येताना चप्पल कुठे काढतो, बोलताना बायको त्याला किती वेळा थांबवते, हे सर बघायचे आणि नंतर मला विचारायचे. स्वतःच्या केसेसची वही ठेवा. बरं न वाटलेल्या केसेस लाल शाईने. माझ्या पहिल्या वहीत लालच जास्त आहे.

इंटर्नशिप फुकट घालवू नका

बारा महिन्यांतला काही काळ कॉलेजच्या रुग्णालयात जातो, काही सरकारी आरोग्यसेवेत घालवता येतो. जमेल तर कुही, भिवापूर, रामटेककडचं प्राथमिक आरोग्य केंद्र मागा. शहरातली मुलं तोंड वाकडं करतात, पण आजारी माणूस आणि गंभीर आजारी माणूस यांतला फरक तिथेच डोळ्यांना कळतो. बीपी हाताने घेणं, बाळाचे श्वास मोजणं, कोरडी पडलेली जीभ ओळखणं, सलाइन लावणारी सिस्टर काय बघते ते बघणं. आयुष्यभर पुरतं.

आणि आता मला आवर्जून सांगायची आहे ती गोष्ट. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी रात्री नऊच्या सुमाराला एका बाईंनी पंधरा वर्षांच्या मुलाला आणलं. पोट दुखत होतं. मी चाळीस मिनिटं केस घेतली. दुखणं दुपारी बेंबीभोवती होतं, आता उजवीकडे खाली आलंय. हललं की वाढतं, पाय पोटाशी घेतले की बरं वाटतं. मी हे सगळं सुंदर अक्षरात लिहिलं, हलल्याने वाढ, स्थिर राहिल्याने आराम, आणि त्यावरून औषध काढलं. अपेंडिक्सचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात माझ्यासमोर पडलेलं होतं आणि मला ते दिसलं नाही. पहाटे त्याला धंतोलीतल्या रुग्णालयात नेलं, ऑपरेशन झालं, मुलगा वाचला. सर्जनने आईला एवढंच विचारलं, "रात्री कोणी बघितलं होतं?" ते त्या बाईंनी मला येऊन सांगितलं, रागाने नाही, सहज. त्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे. कोणाला ठेवायचं नाही, लगेच पाठवायचं, याची यादी. तुमचीही करा. त्यात आपल्या भागातलं हे असलंच पाहिजे:

उन्हाळ्यात अंग चटका बसेल इतकं तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात. अंग थंड करत थेट मेडिकल, नाहीतर मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयात.

पावसाळ्यानंतरचा न उतरणारा ताप. अंगभर बघा, काखेत, जांघेत काळी खपली आहे का. स्क्रब टायफसने २०१८ मध्ये नागपूर भागात माणसं गेली आहेत, आणि त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखं परिणामकारक औषध आहे. ते वेळेत सुरू व्हावं लागतं.

डेंगीत पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त.

दोन आठवड्यांवरचा खोकला. थुंकी तपासणी, आणि क्षयरोग निघाला तर त्याची नोंद सरकारकडे देणं तुमच्यावरही बंधनकारक आहे.

सारखं हातपाय दुखणारं, फिकट, डोळे पिवळसर असलेलं लहान मूल. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. रक्ततपासणी झाल्याशिवाय "वाढीचं दुखणं" म्हणू नका.

कुत्रा चावला तर जखम साबणाने धुवायला लावून लगेच लसीला. आणि कोणाचंही इन्सुलिन, फिटची गोळी, बाळाचं लसीकरण थांबवायचं नाही. ते थांबवणारा होमिओपॅथ माझ्या लेखी डॉक्टर नाही.

नोंदणी आणि कायद्याची कुंपणं

पदवी म्हणजे परवाना नव्हे. इंटर्नशिपआधी तात्पुरती आणि नंतर कायम नोंदणी महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे करायची. २०२० च्या राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग कायद्यात एक्झिट टेस्टची तरतूद आहे, म्हणून शेवटच्या वर्षात आयोगाच्या सूचना महिन्यातून एकदा तरी बघत जा. नोंदणी क्रमांक पाटीवर, केसपेपरवर, दाखल्यावर लिहायचा.

आता नाजूक विषय. धंतोली-रामदासपेठेतल्या कित्येक खासगी रुग्णालयांत रात्री बीएचएमएस झालेली मुलं ड्युटीवर असतात. पगार मिळतो, अनुभव मिळतो. पण १९९६ साली पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा ठरवला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना मर्यादित परवानगीची वाट त्यातून काढली. त्यावरून वाद पेटला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, २०२५ मध्ये सीसीएमपी झालेल्यांच्या नोंदणीवरून आयएमए या अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने संपही केला. म्हणून "नंतर सीसीएमपी करू आणि इंजेक्शन देऊ" या हिशोबाने बीएचएमएसला येऊ नका. यायचं तर होमिओपॅथ व्हायला या. नाइट ड्युटी करणारच असाल, तर ऑर्डर कोणाची, सही कोणाची, हे प्रत्येक रात्री कागदावर स्पष्ट ठेवा.

जाहिरातीचंही कुंपण आहे. १९५४ च्या जादूटोणावजा औषधांच्या जाहिरातींवरच्या कायद्याने मधुमेह, कॅन्सर अशा आजारांवर खात्रीने उपचार असल्याची जाहिरात करता येत नाही. रिंग रोडवर "मुळापासून इलाज"चे फलक दिसतात म्हणून तो नियम बदलत नाही.

पुढे शिकायचं की दुकान थाटायचं

एमडी तीन वर्षांचं. प्रवेश एआयएपीजीईटी या देशव्यापी परीक्षेतून. विषयांत मटेरिया मेडिका, ऑर्गेनन, रेपर्टरी यांशिवाय बालरोग आणि मानसोपचारही आहेत. १९७५ साली स्थापन झालेली कोलकात्याची राष्ट्रीय होमिओपॅथी संस्था या सगळ्यांत मला उजवी वाटते. तिथली ओपीडीची गर्दी बघूनच माणूस शिकतो. शिकवायचं असेल तर एमडी लागेलच. प्रॅक्टिसच करायची असेल, तर आधी दोन वर्षं पेशंट बघा आणि मग ठरवा, असं माझं मत आहे. जिल्हा रुग्णालयांच्या आयुष कक्षातल्या कंत्राटी जागा अधूनमधून निघतात, त्यावरही नजर ठेवा.

दवाखान्याला पहिल्याच वर्षी धरमपेठेत गाळा घेऊ नका. नंदनवन, मानेवाडा, हिंगणा, कामठी, जिथे तुमचं घर आणि ओळखी आहेत तिथे एखाद्या पॉलिक्लिनिकमध्ये संध्याकाळचे तीन तास घ्या. माझ्या पहिल्या महिन्यात एकोणीस पेशंट आले, त्यांतले अकरा नात्यातले. दोन-अडीच वर्षं घरून जेवण आणि पेट्रोल निघेल एवढीच अपेक्षा ठेवा. जैववैद्यकीय कचऱ्याची अधिकृत व्यवस्था लावून घ्या, सुई टोचत नसलात तरी. स्वतःच्या पेशंटला स्वतः औषध देणं वेगळं. काउंटरवरून कोणालाही विकायचं झालं तर अन्न व औषध प्रशासनाचा होमिओपॅथीचा वेगळा परवाना लागतो.

सामानाला गांधीबागेतल्या दवा बाजारात सकाळीच जा. सुरुवातीला साठ-सत्तर औषधं पुरतात, बहुतेक ३० आणि २०० मध्ये, थोडी ६ मध्ये. चाळीस नंबरच्या गोळ्या, दुग्धशर्करा, दोन ड्रामच्या बाटल्या, बुचं वेगळी मोजून घ्या. औषधांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. आपल्याकडे एप्रिलपासूनच ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते आणि बाटल्यांतलं अल्कोहोल उडून जातं. त्या खोलीत कापूर जाळायचा नाही, ही शिकवण जुनी आहे. पाळायची असेल तर झाडणाऱ्या मावशींनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर दर गुरुवारी त्या मोठ्या भक्तिभावाने कापूर ओवाळून जातात.